रिकामा एंटर: एका अबेंडमधून निघालेली टर्मिनलची केस

रात्री पावणेबारा वाजले होते, पुण्यातलं ऑफिस, क्लायंट अमेरिकेतला (नाव घेत नाही), आणि टीममधली एक नवी मुलगी रडवेली होऊन माझ्या डेस्कपाशी आली. तिनं लिहिलेली पहिलीच सीआयसीएस स्क्रीन (सीआयसीएस म्हणजे मेनफ्रेम या मोठ्या कॉम्प्युटरवर अनेक लोकांच्या स्क्रीन एकाच वेळी सांभाळणारं सॉफ्टवेअर), साधी चौकशीची, अकाउंट नंबर टाका आणि माहिती बघा एवढीच, आमच्याकडच्या टेस्टिंगमध्ये आठवडाभर मस्त चालली होती. तिकडे युजरनं ती उघडली, काहीच टाइप न करता नुसतं एंटर मारलं आणि प्रोग्रॅम आडवा. अबेंड (प्रोग्रॅम चुकून मध्येच बंद पडणं) कोड एईआय९. मेनफ्रेमवर काम केलेल्यांना हा कोड म्हणजे जुना पाहुणा, मॅपफेल नावाची कंडिशन कोणी हँडल केली नाही की तो येतो.

"सर, मी काहीच टाइप केलं नाही तर प्रोग्रॅमला रिकामी जागा मिळायला हवी ना? स्पेसेस तरी? मरतो कशाला?"

अगं, बरोबर आहे तुझं, असं मी म्हणालो आणि पाच मिनिटांत सुटेल असा उपाय सांगितला. (तो उपाय अर्धवट निघाला, ते पुढे येईलच.) पण "कशाला" चं उत्तर पाच मिनिटांत देता आलं नाही, कारण ते १९६४ पासून सुरू होतं. म्हणून ही केस नीट लिहून काढतोय, आपल्याकडे रोज ग्रीन स्क्रीन (मेनफ्रेमचा नुसत्या अक्षरांचा पडदा) बघणारे हजारो लोक आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना, मलाही बरीच वर्षं, हे माहीत नव्हतं.

मूळ अडचण: चित्र लक्षात कोण ठेवणार?

पिक्चर ट्यूबवर अक्षर एकदा काढलं की ते तिथेच राहतं असं नाही. फॉस्फर चमकतो आणि विझतो. अक्षर स्थिर दिसायला हवं तर सेकंदाला कित्येक वेळा तेच परत परत काढावं लागतं. घरच्या टीव्हीला ही चिंता नसते कारण केंद्रावरून सतत नवं चित्र येतच असतं. कॉम्प्युटरच्या टर्मिनलला कोण पाठवणार? मेनफ्रेमला सेकंदाला तीसचाळीस वेळा एकाच कारकुनाची स्क्रीन रंगवायला बसवलं तर पगाराचं काम कोण करेल! म्हणजे मेनफ्रेम आणि काच यांच्या मध्ये कुठेतरी मेमरी पाहिजे, आणि १९६४ मध्ये मेमरी म्हणजे कोअर मेमरी, तारेत ओवलेली फेराइटची बारीक कडी, प्रचंड महाग.

पडदा हा प्रकार तोवर नवा राहिला नव्हता बरं का. अमेरिकी हवाई दलाच्या सेज यंत्रणेत ऑपरेटर पडद्यासमोर बसून विमानांचे ठिपके लाइट गननं टिपायचे. आपल्या मुंबईत टीआयएफआरनं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं) स्वतः बांधलेल्या, १९६० मध्ये चालू झालेल्या टिफ्रॅक या कॉम्प्युटरलाही सीआरटी म्हणजे पिक्चर ट्यूबचा डिस्प्ले होता, आलेख आणि अक्षरं दोन्ही दाखवणारा. पण हे एका मशीनला एक पडदा किंवा सरकारी पैशानं चालणारे प्रकल्प. बँकेत, विमा कंपनीत, वीज कंपनीत साध्या कारकुनाच्या टेबलावर एकेक पडदा ठेवायचा आणि तो परवडला पाहिजे, ही वेगळीच भानगड होती. तोपर्यंत दूर बसून मेनफ्रेमशी बोलायचं तर टेलिटाइप, मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचा, खडखडखडखड, आणि कागदाची भेंडोळी.

आयबीएम २२६०: पन्नास फूट तारेत साठवलेली स्क्रीन

सिस्टिम/३६० आयबीएमनं १९६४ च्या एप्रिलमध्ये जाहीर केली आणि त्याच पिढीत २२६० हे डिस्प्ले स्टेशन आलं. टेबलावर मावेल असा डबा, त्यात ट्यूब आणि कीबोर्ड. त्यात मेमरी नाही, अक्षर कसं दिसतं याची माहितीही नाही. सगळी अक्कल २८४८ नावाच्या कपाटात, साडेचारशे किलोच्या घरातलं धूड, त्यातून प्रत्येक पडद्याकडे केबल जायची आणि केबलमधून तयार चित्राचा सिग्नल. कपाटाची तीन मॉडेल्स होती. २४० अक्षरांचे पडदे हवे असतील तर २४ जोडा, ४८० चे असतील तर १६, आणि ९६० अक्षरांचे म्हणजे ८० च्या १२ ओळींचे मोठे पडदे असतील तर ८ च. अक्षरं वाढली की पडदे कमी, मेमरी किती काटकसरीनं वाटली जात होती ते या आकड्यांतच दिसतं.

आणि ती मेमरी कोणती? तार. चक्क निकेलच्या मिश्रधातूची सुमारे ५० फूट लांब तार, वेटोळी करून ठेवलेली. एका टोकाला तारेला बारीकसा पीळ द्यायचा, तो पीळ आवाजाच्या लहरीसारखा तारेतून धावत जाऊन साधारण साडेपाच मिलिसेकंदांनी दुसऱ्या टोकाला पोचतो. पीळ दिला तर १, नाही दिला तर ०. दर अर्ध्या मायक्रोसेकंदाला एक याप्रमाणे पीळ सोडत गेलं तर पहिला पीळ दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वाटेवर अकरा हजार बिट्स एकामागून एक धावत असतात. ही झाली मेमरी! टोकाला पोचलेला बिट वाचायचा, पडद्याकडे पाठवायचा आणि लगेच परत पहिल्या टोकातून तारेत घालायचा, अखंड, दिवसभर. अशा दोन तारांच्या जोडीत ४८० अक्षरांचे ठिपके राहायचे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हिशोब करून बघितला, ५० फूट म्हणजे सव्वापंधरा मीटर, साडेपाच मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, धातूत पिळाची लहर ज्या वेगानं जाते त्याच्याशी बरोबर जुळतं. म्हणजे कारकुनासमोरची स्क्रीन कुठेही "लिहून" ठेवलेली नव्हतीच, ती कायम प्रवासात होती. आपल्याकडे सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे दर साडेपाच मिलिसेकंदांनी पीळ बाहेर यायचा आणि पुन्हा घालावा लागायचा.

तोटे ढीगभर. मधलं एक अक्षर बदलायचं तर ते तारेतून फिरून समोर येईपर्यंत थांबा. तापमान बदललं की लहरीचा वेग बदलतो, म्हणून तारा तापमान राखलेल्या कप्प्यात, आणि थंड मशीन चालू केलं की दोनेक तास गरम होऊ द्यायचं. वरून हादऱ्यांचं दुखणं, कपाटाजवळून कोणी धाडधाड चालत गेलं तर स्क्रीनवरची अक्षरं बिघडू शकायची. (आमच्या जुन्या ऑफिसात शेजारच्या मजल्यावर ड्रिलिंग चालायचं, तिथे हे कपाट ठेवलं असतं तर काय काय दिसलं असतं याची कल्पना करून मी एकटाच हसलोय.) तरीही तार का? कोअरपेक्षा खूप स्वस्त. आणि दुसरं कारण मला जास्त आवडतं, ट्यूबमधला किरण पडद्यावर एकामागून एक ठिपके काढत जातो आणि तारेतून बिट्सही एकामागून एकच बाहेर येतात, दोघांची चाल एक. हव्या त्या पत्त्यावर उडी मारणं तारेला जमत नाही, पण पडद्याला ते नकोच असतं. गंमत म्हणजे २२६० चा किरण टीव्हीसारखा आडवा न जाता उभा जायचा, वरखाली वरखाली करत एकेक स्तंभ रंगवत.

कारकून टाइप करायचा ते मेनफ्रेमला कळतच नव्हतं, अक्षरं फक्त २८४८ मध्ये जायची. एक सुरुवातीची खूण असायची, तिथपासून कर्सरपर्यंतचा मजकूर एंटर दाबल्यावरच पुढे जायचा. "भरा, तपासा, मग एकदम पाठवा" ही सवय इथे पडली आणि ती पन्नासहून जास्त वर्षं टिकलीय.

फोनवर थांबलेलं गिऱ्हाईक

ही पडद्यांची हौस नेमकी कोणाला होती हे बघितलं की पुढचं समजतं. सीआयसीएस, ज्यात आमची ती स्क्रीन आडवी झाली, ते १९६८ मध्ये जाहीर झालं तेव्हा त्याच्या नावात "पब्लिक युटिलिटी" हे शब्द होते, म्हणजे वीज, गॅस, टेलिफोन कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर. ८ जुलै १९६९ ला प्रॉडक्ट म्हणून आलं तोवर बाकीच्या धंद्यांनाही ते हवंय हे कळलं होतं, मग ते शब्द गळाले. चित्र डोळ्यांसमोर आणा, गिऱ्हाईक फोनवर आहे, म्हणतंय या महिन्यात बिल एवढं कसं आलं, आणि समोरच्या बाईला त्याचं खातं आत्ता हवंय, उद्या सकाळी छापून येणाऱ्या रिपोर्टमध्ये नको. तिला ग्राफिक्स नको, वेगवान टायपिंग नको, तिला एक नंबर टाकून पंधरा आकडे बघायचेत आणि एखादा दुरुस्त करायचाय. फॉर्मच तो. कागदी फॉर्मवर जसं छापील "नाव", "पत्ता" आणि त्यापुढे रिकामी जागा असते तसाच.

१९७१: ३२७० आणि "बदललं तेवढंच पाठव"

१९७१ मध्ये आयबीएमनं ३२७० कुटुंब जाहीर केलं, त्यातला पडदा ३२७७. तोवर एमओएस चिपवरचे शिफ्ट रजिस्टर मिळायला लागले होते. शिफ्ट रजिस्टर म्हणजे वागायला तारच, बिट एका टोकानं आत, दुसऱ्या टोकानं बाहेर, परत आत, फक्त हादऱ्यानं बिघडत नाही आणि दोन तास तापवावं लागत नाही. त्यामुळे मेमरी कपाटातून निघून थेट टेबलावरच्या डब्यात आली. मोठं मॉडेल १९२० अक्षरांचं, ८० च्या २४ ओळी, आणि छोटं ४८० चं. ४८० चे चार तुकडे म्हणजे १९२०, २२६० च्या ९६० ची बरोब्बर दुप्पट. जुन्या गिऱ्हाइकांच्या स्क्रीन बसल्या पाहिजेत हा हिशोब त्यात उघड दिसतो.

पण खरी करामत फील्डची. स्क्रीनवर जागोजागी एकेक अ‍ॅट्रिब्यूट बाइट ठेवायचा, तो दिसतो रिकाम्या जागेसारखा पण सांगतो की इथून पुढे छापील मजकूर आहे, हात लावू नका, किंवा इथे फक्त आकडे, किंवा इथे टाइप केलेलं दाखवू नका (पासवर्ड), किंवा ठळक दाखवा. कारकुनानं छापील भागावर टाइप करायचा प्रयत्न केला की कीबोर्ड लॉक, रिसेट दाबा. मेनफ्रेमला न विचारता हे सगळं होतं. हा अ‍ॅट्रिब्यूट बाइट स्क्रीनवरची एक जागा खातो, आणि बीएमएस मॅप (सीआयसीएसला द्यायचा स्क्रीनचा आराखडा) लिहिताना फील्डच्या लांबीत तो मोजायचा नसतो, त्यामुळे दरवर्षी नव्या बॅचमधले निम्मे लोक एका कॉलमनं चुकतात. मीही चुकलो होतो.

त्या बाइटमध्ये आणखी एक बिट आहे, मॉडिफाइड डेटा टॅग, आपण सगळे एमडीटी म्हणतो. कारकुनानं त्या फील्डमध्ये काही टाइप केलं की तो बिट १ होतो. एंटर दाबल्यावर टर्मिनल फक्त ज्यांचा बिट १ आहे तेवढीच फील्ड्स पाठवतं. बाकीची स्क्रीन जागच्या जागी, कारण मेनफ्रेमनंच ती पाठवली होती, त्याला परत कशाला सांगायची.

हे एवढं का करायचं? लाइनमुळे. दूरच्या शाखेतून टेलिफोनची लाइन, समजा सेकंदाला २४०० बिट्स. एका अक्षराला ८ बिट धरले तर सेकंदाला ३०० अक्षरं. पूर्ण १९२० अक्षरं परत पाठवायची तर साडेसहा सेकंदांच्या जवळपास, तेही एका पडद्याचे, आणि त्याच लाइनवर आणखी वीसपंचवीस पडदे रांगेत. उलट बदललेलंच पाठवलं तर, कोणती की दाबली त्याचा एक बाइट, कर्सर कुठे आहे त्याचे दोन, मग फील्डचा पत्ता सांगायला तीन, आणि दहा आकडी अकाउंट नंबर, झाले सोळा बाइट. लाइनचे वरचे सोपस्कार सोडले तर सेकंदाचा विसावा भाग.

आणि काहीच टाइप केलं नाही तर? तीन बाइट. एंटर दाबलं आणि कर्सर इथे आहे. बस्स. रिकाम्या जागा येत नाहीत, फील्ड मुळात येतच नाही. सीआयसीएसला मॅपमध्ये भरायला एक अक्षर मिळालं नाही तर ते काय भरणार, ते मॅपफेल म्हणतं. आमच्या मुलीच्या "कशाला" चं हे उत्तर, रात्री साडेबाराला मी ते पेपर नॅपकिनवर काढून दाखवलं आणि ती म्हणाली, "पण सर, आता कुठे २४०० ची लाइन आहे!" नाही ना. आता खरं टर्मिनलही नाही, लॅपटॉपवर एम्युलेटर, टीएन३२७० या प्रोटोकॉलवरून इंटरनेटनं जातंय, पण तो एम्युलेटर प्रामाणिकपणे १९७१ चा डबा असल्याचं सोंग करतो आणि तीनच बाइट पाठवतो. कारण पलीकडचा प्रोग्रॅम तेवढेच समजतो.

मेमरी टेबलावर आली त्याचे चांगलेवाईट परिणाम

मला विचाराल तर ३२७० चा सगळ्यात मोठा फायदा लाइनपेक्षाही मेनफ्रेमच्या बाजूला झाला. टेलिटाइप छापाच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे १९६९ पासून विकल्या गेलेल्या डेटापॉइंट ३३०० सारख्या "काचेच्या टेलिटाइप" मध्येही, एकेक अक्षर पुढे जातं आणि तिकडच्या मशीनला दर अक्षराला दखल घ्यावी लागते. इथे एका स्क्रीनला एकदा. कारकून दोन मिनिटं विचार करत बसला तरी मेनफ्रेमला त्याचं अस्तित्वही ठाऊक नसतं. यावरच सीआयसीएसवाल्यांनी स्युडो-कन्व्हर्सेशनल पद्धत बसवली, स्क्रीन पाठवली की प्रोग्रॅम चक्क संपतो, मेमरी मोकळी, एंटर आलं की नव्यानं जन्म. शेकडो कारकून थोड्या मेमरीत बसवायचे तर दुसरा मार्ग नव्हता.

मग प्रोग्रॅम मधल्या काळात स्वतःची माहिती कुठे ठेवायचा? लोकांनी ती स्क्रीनवरच लपवली! न दिसणारं फील्ड, एमडीटी आधीच १ करून ठेवलेला (मॅपमध्ये त्याला एफसेट म्हणतात), म्हणजे कारकुनानं हात न लावताही ते परत येणार. १९६४ मध्ये पडद्याला मेमरी परवडत नव्हती म्हणून ती कपाटात होती, आणि काही वर्षांनी मेनफ्रेमच आपल्या गोष्टी पडद्याच्या मेमरीत ठेवायला लागला. हुशारी आहे, आणि भीतीदायकही, कारण तिथे काय ठेवलंय ते एम्युलेटर जरा वाकवला तर वाचता येतं. मी असे प्रोग्रॅम बघितलेत ज्यात खात्यातली शिल्लक अशी लपवली होती. नावं विचारू नका.

८० बाय २४ बद्दलही जाता जाता. सगळे म्हणतात पंच कार्ड ८० कॉलमचं म्हणून. अर्धंच खरं वाटतं मला. ८० चं ठीक, कार्डाचं चित्र एका ओळीत बसलं पाहिजे ही गरज होतीच. पण १९७० च्या आसपास बाकीच्यांचं बघा, डेटापॉइंट ३३०० ला ७२ च्या २५ ओळी, डेक (डिजिटल इक्विपमेंट) कंपनीच्या व्हीटी०५ ला ७२ च्या २०, नंतरच्या व्हीटी५० ला ८० च्या १२. कार्ड तर सगळ्यांच्याच घरी होतं. २४ हा आकडा ३२७७ मुळे आला आणि आयबीएमचा बाजार एवढा मोठा की बाकीचे त्याच्यामागे गेले, व्हीटी५२ नं १९७५ मध्ये ८० बाय २४ घेतलं, १९७८ मध्ये व्हीटी१०० नं तेच, आणि आज लिनक्सची टर्मिनल विंडो उघडली तरी बहुतेक वेळा तोच आकार समोर येतो.

आमच्या केसचं काय झालं

त्या रात्री मी सांगितलेला उपाय जुना आणि सगळ्यांना माहीत असलेला होता. मॅपमध्ये एका अक्षराचं एक लपवलेलं फील्ड टाकायचं, प्रोटेक्टेड, एफसेट. मग एंटर रिकामा मारला तरी ते एक अक्षर येतंच, मॅपला काहीतरी मिळतं, मॅपफेल नाही, आणि अकाउंट नंबर रिकामा दिसला की "नंबर टाका" असा मेसेज. तिनं बदललं, कंपाइल झालं, टेस्ट झालं, रिकामा एंटर मारून बघितला, मेसेज आला, ती खूश, मी खूश, दोन वाजता कॅबनं घरी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिकडचा युजर ऑनलाइन आला, त्यानं रिकामा एंटर मारला, मेसेज बघितला, बरं म्हणाला, आणि स्क्रीन साफ करावी म्हणून क्लिअर की दाबली. एईआय९.

क्लिअर दाबल्यावर टर्मिनल आपली मेमरी स्वतःच पुसून टाकतं, अ‍ॅट्रिब्यूट बाइटांसकट, त्यामुळे आमचं लपवलेलं फील्डही गेलं, आणि मेनफ्रेमला फक्त एक बाइट जातो, कोणती की दाबली तेवढाच, कर्सरसुद्धा नाही. पीए (प्रोग्रॅम अटेन्शन) कीज स्क्रीन पुसत नाहीत, पण त्यांचाही तेवढा एकच बाइट जातो. हे मला माहीत होतं, वीस वर्षांपासून माहीत होतं, आणि तरी त्या रात्री आठवलं नाही. ती मुलगी या वेळी डेस्कपाशी आली तेव्हा रडवेली नव्हती. म्हणाली, "सर, एक बाइटच आला ना? मग मी मॅप वाचायच्या आधी ईआयबीएआयडी तपासते, क्लिअर किंवा पीए असेल तर मॅप रिसीव्हच करत नाही." (ईआयबीएआयडी म्हणजे कोणती की दाबली ते सीआयसीएस प्रोग्रॅमला जिथे सांगतं ते फील्ड.) मी मान हलवली. तिनं तोवर बदलून टेस्टला टाकलंही होतं.